नळाच्या ओट्यावरची भट्टी

दसरा झाला की आमच्या चाळीच्या मागच्या बाजूचं ऊन बदलतं. पावसाळाभर तिथे शेवाळ असतं आणि सांडपाण्याचा ओशट वास असतो. मग एके दिवशी दुपारी दोनच्या सुमारास समोरच्या नव्या टॉवरच्या काचांवरून परतलेलं ऊन थेट नळाच्या ओट्यावर येऊन पडतं, आणि तो दगडी ओटा तासाभरात इतका तापतो की हात ठेवता येत नाही. ओट्यावर नळ आता नाही. घरोघरी पाणी आलं तेव्हा तो काढून टाकला. ओटा मात्र तसाच राहिला, कारण तो फोडायचा कुणी यावर चाळीच्या कमिटीचं आजपर्यंत एकमत झालेलं नाही. त्या ओट्यावर माझी भट्टी आहे. यंदाच्या ऑक्टोबरात ऊन पुन्हा तिच्यावर पडलं, आणि मी तळमजल्यावरच्या माझ्या खोलीचं मागचं दार आतून लावून घेतलं.

भट्टी म्हणजे फार काही समजू नका. ट्रकच्या चाकातला एक जाड लोखंडी ड्रम, त्याच्या बुडाला पाइप, पाइपाला हवा. शेजारी झाडाच्या ओंडक्यावर बसवलेली ऐरण. वीत-दोन वीत लोखंड तापावं आणि ठोकावं, एवढीच तिची ऐपत. पण गेल्या वर्षी ती उभी राहिली तो मोसम, भाद्रपदापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे ते अडीच महिने, माझ्या साठ वर्षांच्या आयुष्यात वेगळेच निघाले.

मी जन्मभर विमा कंपनीत कारकून होतो. हाताला घट्टा पडला असेल तर तो मधल्या बोटाला, पेनाचा. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे राहून गेलं. आई होती तोवर घरात आवाज होता: पूजेची घंटा, कुकर, रेडिओ, आणि या सगळ्यावर माझ्या नावाने हाका. मी निवृत्त झालो आणि पुढच्या वैशाखात आई गेली. त्यानंतर घर इतकं गप्प झालं की फ्रीज सुरू झाला तरी मी दचकायचो. दिवसभर मोबाईल बघत बसायचो. त्यात कधीतरी कुठल्याशा देशातला एक दाढीवाला माणूस दिसला. तो एक शब्द न बोलता लोखंड तापवत होता, ठोकत होता, वाकवत होता. मी त्याचे असे कितीतरी व्हिडिओ पाहिले. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. एकटा माणूस दिवसभर आवाज करतोय आणि त्याला कुणी वेड्यात काढत नाही, हे मला आवडलं असावं.

त्या वर्षी गणपती आणायचा की नाही या विचारात मी होतो, पण आईने होळीच्या आधीच कारखान्यात जाऊन शाडूची मूर्ती सांगून ठेवली होती. मूर्तीवर चिठ्ठी आईच्या नावाची. मी जाऊन घेऊन आलो. गणपतीत आमची चाळ ओस पडते, निम्मी बिऱ्हाडं कोकणात जातात. दीड दिवस मी एका हातात घंटा आणि दुसऱ्या हातात तबक घेऊन एकट्याने आरत्या म्हटल्या. एकट्याने आरती म्हणताना शेवटच्या कडव्याला फार अवघड होतं, कारण आवाज चढवायचा असतो आणि चढवायला बरोबर कुणी नसतं. मग मोरीत बादलीत विसर्जन केलं. रात्रीतून मूर्ती विरघळली. पाणी मी कुंड्यांना घातलं. खाली राहिलेली माती बादलीतच राहिली. ती आईने सांगितलेल्या मूर्तीची होती. टाकवेना आणि काय करावं तेही सुचेना.

लोखंडाचं खूळ डोक्यात शिरलं ते त्याच दिवसांत. माझगावला दारूखान्यात फुटलेल्या जहाजांचं भंगार मिळतं, एवढंच ऐकून मी पांढरा शर्ट घालून तिथे गेलो. भंगारवाल्यांनी माझ्याकडे इन्स्पेक्टर आल्यासारखं पाहिलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी चहा पाजला. तिथून ड्रम आला, दांडा नसलेला घण आला, आणि जहाजाच्या कुठल्याशा शाफ्टचा ठोकळा आला, जो हातगाडीवरून आणताना गाडीवाल्याने मला चिंचपोकळीच्या पुलापर्यंत शिव्या घातल्या. ती ऐरण. ओंडका रस्त्यात पडलेल्या पर्जन्यवृक्षाचा, पालिकेच्या लोकांनी कापून ठेवलेला. घणाला दांडा केला तो माळ्यावरच्या मुसळाचा. आणि हवेसाठी, एका गोडबोल्या विक्रेत्याने पूर्वी आईच्या गळ्यात मारलेला व्हॅक्यूम क्लीनर होता. त्याने आमच्या घरातली धूळ कधी ओढली नाही, पण मागच्या भोकातून वारा असा सोडायचा की कॅलेंडर फडफडायचं.

ड्रमला आतून मी सिमेंटचा गिलावा दिला. कारकुनी डोकं, सगळं नीटनेटकं हवं. चार दिवस वाळवलं, इस्त्रीवाल्याकडून लोणारी कोळसा आणला, पेटवला, मशीन सुरू केलं. पाच मिनिटांत फटाक्यासारखा आवाज झाला आणि गिलाव्याचे तुकडे उडाले. एक माझ्या चष्म्याला लागला. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो.

वरच्या मजल्यावरची मागची खिडकी उघडली. बरोबर ओट्याच्या डोक्यावर मेस्त्रींचं स्वयंपाकघर. गणपत मेस्त्री, वय एक्याऐंशी, लोअर परळच्या एका गिरणीच्या लोहारखात्यात उभी हयात गेलेली. गावाहून गणपती करून ते नुकतेच परतले होते. खिडकीत आधी त्यांचं टक्कल दिसलं.

"काय फोडलंस रे मेल्या?"

मी सांगितलं. ते आत गेले. दहा मिनिटांनी कठडा धरत जिना उतरून खाली आले, ड्रममध्ये डोकावले आणि माझ्याकडे पाहिलं.

"सिमेंटात पाणी रवता. तापला की फुटता. येवढा शिकलंस आणि ह्या ठावक नाय?"

"मग काय लावायचं?"

"माती हाड. चिकट माती."

मुंबईत चिकट माती कुठून आणायची, हे मी विचारणार होतो, आणि मला मोरीतली बादली आठवली. ती बाहेर आणून मी म्हणालो, "ही आहे. पण ही गणपतीची."

मेस्त्रींनी बादलीला हात लावून तो कपाळाला लावला. मग बोटांत माती मळून बघितली. बराच वेळ बघितली. "देव गेलो गावाक," ते म्हणाले. "माती रवली. चूल केलंस तरी तीच, भट्टी केलंस तरी तीच."

आम्ही त्या मातीत राख आणि काथ्याचे तुकडे कालवले आणि ड्रमला आतून थापली. इंदूकाकू, म्हणजे मेस्त्रींची बायको, वरून खिडकीतून बघत होत्या. त्यांच्या घरी विसर्जनाची माती तुळशीत जाते. "तुळशीत घालूची सोडून आगीत घालतास," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मेस्त्रींनी वर पाहिलं नाही. मी पाहिलं. ते वाक्य पुढे वर्षभर माझ्या मागे लागणार आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं?

मातीला तडा गेला नाही.

त्यानंतर मेस्त्री रोज चारला खाली येऊ लागले. रंगाच्या रिकाम्या डब्यावर पोतं टाकून बसायचे. येताना पंच्यात गुंडाळलेली एक लहान हातोडी आणायचे आणि जाताना घेऊन जायचे. गिरणी सुटली तेव्हा त्यांनी स्वतःची म्हणून आणलेली ती एकुलती एक वस्तू. घण उचलायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. कानही गेले होते. आमच्यात बोलणं म्हणजे मी ओरडायचं आणि त्यांनी भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. पण काम सुरू झालं की बोलायची गरजच नसायची. डाव्या हातात सांडशीने ते तापलेलं लोखंड ऐरणीवर धरत. उजव्या हातातली हातोडी लोखंडावर एका जागी टेकवत, टक. मी घण तिथे मारायचा. हातोडी सरकली की घण सरकला. ती हलकी पडली की माझा घाव हलका. आणि हातोडी लोखंड सोडून ऐरणीच्या कडेवर दोनदा वाजली, टक-टक, की थांबायचं. उगारलेला घणसुद्धा खांद्यावरून तसाच खाली घ्यायचा.

"लाल असा तवसर मारूचा," ते म्हणायचे. "काळा पडला की हात आवर. काळ्यावर मारलंस तर तडो जाता, आणि तो तुका लगेच दिसणा नाय."

मला हात आवरता यायचा नाही, हे खरं आहे. जन्मभर कुणावर आवाज चढवला नव्हता, तो सगळा त्या घणातून निघत असावा. टक-टक झालं तरी एखादा घाव जास्तीचा पडायचा. मग मेस्त्री हातोडी मांडीवर ठेवून माझ्याकडे नुसते बघत राहायचे, साहेबाने चुकीचा अर्ज परत करावा तसे. आठवडाभरात मी सुधारलो. इतकं ऐकून घ्यायला मला कधी कुणी शिकवलं नव्हतं, तेही एका बहिऱ्या माणसाने शिकवलं.

टक-टक वर ऐकू जायचं. ते झालं की काकू चहा ठेवायच्या. मग खिडकीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली यायची, तिच्यात थर्मास आणि दोन स्टीलचे पेले. भट्टीवर त्यांचा राग होता, तरी चहा एक दिवस चुकला नाही.

खंडेनवमीला मेस्त्रींनी सगळी हत्यारं धुऊन ओट्यावर मांडायला लावली. सांडशी, घण, छिन्नी, मधोमध ती हातोडी. काकू गुडघ्यावर हात दाबत स्वतः जिना उतरून आल्या. प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. व्हॅक्यूम क्लीनरपाशी थबकल्या. "ह्या काय?" मेस्त्री म्हणाले, "भातो तो." मग त्यालाही हळदकुंकू लागलं. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, म्हणून आम्ही तिघं ओट्याच्या पायरीवर नुसते बसलो. काकूंनी विषय काढला तो तिथे.

"जल्मभर लोखंड ठोकलास तुमी," त्या नवऱ्याच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "आणि घरात उलथना बाजारातला. घावन उलटताना वाकता."

"गिरणीतला लोखंड गिरणीचा," मेस्त्री म्हणाले. "घराक हाडूक मी काय चोर?"

"आता खंयची गिरण?"

मेस्त्रींनी हातोडीवरचं फूल सरळ केलं. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर त्यांनी मला हळूच सांगितलं, टेम्पोच्या चाकावरच्या पोलादी पट्टीचा एक तुकडा बघ. असा वीतभर. कुणाला बोलू नको.

ते उलथनं पुरं झालं नाही. दांडा झाला, दांड्याची बारीक मान झाली, पुढचं पातं निम्मं पसरून झालं होतं. पातळ पातं करणं फार सावकाशीचं काम, दिवसाला दोन-तीन तापांहून जास्त मेस्त्री करू देत नसत. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांना खोकला सुरू झाला. "उद्या बघू," म्हणत त्यांनी तुकडा माझ्या घरातल्या खिळ्याला अडकवला, हातोडी पंच्यात गुंडाळली आणि जिना चढून गेले. मधे दोनदा थांबले. माघात ते गेले. डॉक्टर म्हणाले, छाती.

दहाव्याला मी वर गेलो. मेस्त्रींचा मुलगा मोहन बदलापूरहून आला होता. त्याने मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, तो चांगला मुलगा आहे. एवढंच म्हणाला, "अरूदादा, ह्या वयात त्यांना आगीपाशी कशाला बसवलंत?"

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. त्या नुसतं "तसा नाय रे" म्हणाल्या असत्या, तर मी पुढचे आठ महिने घालवले तसे घालवले नसते.

कसे घालवले? मनातल्या मनात बाजू मांडत. लोणारी कोळशाला धूर कमी असतो. खोकला त्यांना आधीही होता. ते आपण होऊन यायचे, मी कधी बोलावलं नाही. मग दुसरी बाजू उभी राहायची. यायचे कारण तू एकटा होतास. तुला कुणीतरी हवं होतं, म्हणून एका म्हाताऱ्या माणसाला तू जिना उतरू दिलास. आणि तिसरी बाजू तर कायद्यातच बसत नव्हती: देवाची माती आगीत घातलीस. मी तसा देवभोळा नाही, पण रिकाम्या घरात माणूस कशावरही विश्वास ठेवायला लागतो.

त्या काळात मी काकूंना टाळायला शिकलो. वर दार वाजलं की मी खाली थांबायचो. भाजीवाल्याशी त्या बोलताना ऐकू आल्या की आतल्या खोलीत जायचो. मोहन त्यांना बदलापूरला चल म्हणत होता, त्या जात नव्हत्या. एका जिन्याच्या वर-खाली दोन एकटी माणसं राहत होती आणि मध्ये लाकडाच्या अठरा पायऱ्या होत्या. मी त्या कितीदा मोजल्या असतील. चढलो एकदाही नाही. मला वाईट वाटत होतं असं म्हणणं फार सोपं झालं, मला भीती वाटत होती. त्यांनी तोंडावर सांगितलं असतं की तुझ्यामुळे गेले, तर त्यानंतर मला त्या चाळीत राहता आलं नसतं आणि जायला दुसरी जागा नव्हती.

यंदा खंडेनवमीला मी एकट्याने हत्यारं धुतली. गंज घासून काढला. हळदकुंकू लावलं. झेंडू पाच आणले होते आणि हत्यारं चार. पाचवं फूल कशावर वाहायचं, ते हातात घेऊन उभा राहिलो आणि शेवटी ओट्यावर मधोमध तसंच ठेवलं. वर पाहिलं तर खिडकीत काकू होत्या. आत गेल्या. थोडं भांड्यांचं वाजलं, मग तेही थांबलं.

त्यानंतरच्या रविवारी ऊन ओट्यावर आलं तेव्हा आधी मी दार लावून घेतलं, ते वर सांगितलंच. घरात बसलो. समोर खिळ्याला ते उलथनं अडकवलेलं. निम्मं पातं, वर तांबूस गंजाचा थर. भट्टी मोडून ओटा मोकळा करतो, असं मी आदल्या आठवड्यात कमिटीला कळवून टाकलं होतं. मग वाटलं, मोडायचीच आहे तर एक काम पुरं करून मोडू. वर जाऊन सांगायची हिंमत नसेल तर निदान दारात ठेवून यावं. चारला मी दार उघडलं.

कोळसा पेटला. शाडूच्या मातीवर आता काळी चकाकी चढली होती, तडा तरीही नव्हता. मशीन घरघरलं. मी पातं तापवलं, सांडशी डाव्या हातात धरली आणि उजव्या हातात घण. तिथेच सगळं चुकलं. घण एका हाताने उचलायचं हत्यार नाही. मेस्त्री नव्हते म्हणून धरायला दुसरं कुणी नव्हतं, आणि लहान हातोडी माझ्याकडे नव्हती. दांडा आखूड धरून मी कसातरी मारायला लागलो. पहिला घाव चुकला. दुसरा पात्यावर बसला. कुठे मारायचं ते दाखवणारं कुणी नाही म्हटल्यावर मी जिथे मिळेल तिथे मारत सुटलो. डोळ्यांत घाम आला होता आणि नुसता घामच होता असं नाही. आईवर चिडलो होतो, मोहनवर चिडलो होतो, एक्याऐंशीव्या वर्षी जिना उतरणाऱ्या माणसावर चिडलो होतो. लोखंड लाल आहे की काळं, मी बघत नव्हतो. पात्यावरून सरकत घाव दांड्याच्या मानेकडे चालले होते. घण उचलला.

टक-टक.

वर्षभरात न ऐकलेला तो आवाज. माझा हात उगारलेल्या जागी थांबला आणि घण आपोआप खांद्यावर आला. त्याला मला विचारावं लागलं नाही. मी ऐरणीकडे पाहिलं. लोखंड काळं पडलं होतं. आणखी एक घाव, आणि मान गेली असती.

मग वर पाहिलं. काकू खिडकीत उभ्या होत्या. पदर डोक्यावरून पडला होता. हातात मेस्त्रींची हातोडी, खिडकीच्या गजावर टेकवलेली.

"काळ्यावर मारतंस?" त्या म्हणाल्या. "काय शिकवलानी तुका?"

इतक्या महिन्यांची सगळी बाजू तयार होती, त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी मी म्हणालो, "काकू, मी त्यांना आगीपाशी बसवायला नको होतं."

"तू बसवतलंस?" त्या म्हणाल्या. "गिरण सुटली तेव्हापासून ह्या खिडकीत बसान ते त्या रिकाम्या ओट्याकडे बघीत रवले. हयसर भट्टी होती ते दोन म्हयने तेवढे हसले." त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "तू वर इलंस नाय म्हणान माका राग. धाव्यापासून आठ म्हयने वाट बघलंय."

मी खाली बघत राहिलो. ओट्यावर मधोमध ते पाचवं फूल सुकून पडलेलं होतं.

"ता घावनाचा उलथना ना?" वरून विचारणा झाली.

"हो."

"जाड असा अजून. आवाजावरून कळता." हातोडी गजावर नीट धरत त्या म्हणाल्या, "माझे गुडघे जिनो उतराक देनत नाय. हयसूनच सांगतंय. परत तापव. मी असंय हयसर."

मी पातं कोळशात सारलं आणि मशीनचं बटण दाबलं.